खड्डा दाखवणारा हात

टँकर रस्त्यात आडवा घालून ड्रायव्हर खाली उतरला. माझ्या सायकलचं हँडल धरून म्हणाला, "हात काय हलवत होतास? मला कुत्रा समजतोस का, यू यू करून बोलवायला?"

तो कशाबद्दल बोलतोय ते मला आधी कळलंच नाही. मी नुकताच पूल ओलांडून आलो होतो. पुलावर तो माझ्यामागे होता आणि सारखा हॉर्न वाजवत होता, एवढं मला ठाऊक होतं. त्यात नवीन काही नव्हतं. पूल अरुंद आहे, त्यावरून एका वेळी एकच गाडी जाते, आणि पुढे सायकलवाला असला की मागच्याला वाटतं आपला जन्म आता याच्या मागेच जाणार.

"कसला हात?" मी विचारलं.

त्याने करून दाखवला. डावा हात कमरेच्या मागे नेला, बोटं खाली केली आणि हलवली. हुबेहूब केलं त्याने. ते पाहिल्यावर मला कळलं की मी खरंच तसं केलं होतं.

"खड्डा दाखवत होतो," मी म्हणालो.

"कुणाला?"

मी मागे वळून पाहिलं. मागे पूल होता आणि आमच्यामुळे अडकलेल्या दोन-तीन गाड्या होत्या.

"बायकोला."

त्यानेही मान वाकडी करून माझ्या मागे पाहिलं. "कुठाय?"

"वारली."

माझ्या लेकीच्या वयाचा असेल. शर्ट पुढून ओला झाला होता. माझ्या हाताकडे बघण्याच्या नादात त्याचं चाक त्याच खड्ड्यात गेलं होतं, टाकीवरचं झाकण उडालं होतं आणि पाणी खिडकीतून आत आलं होतं. हे त्यानेच मला नंतर सुनावलं. मला वाटलं, आता हा हँडल सोडेल. बायको वारली म्हटल्यावर माणसं निदान खाली बघतात, एवढा मला गेल्या काही महिन्यांचा अनुभव होता.

त्याने काही खाली बघितलं नाही. म्हणाला, "म्हणजे डोकं फिरलंय तुझं. मग घरी बसायचं. रस्त्यावर कशाला येतोस मरायला?"

"मरायला नाही आलो. चढ चढायला आलोय."

मी असं खरंच म्हणालो. ती असती तर याहून चांगलं काहीतरी बोलली असती, पण मला तेवढंच सुचलं. त्याने माझी सायकल उचलली, दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेली आणि कडेच्या चरात फेकली. मग सावकाश म्हणाला, "पुन्हा या पुलावर दिसलास तर सायकल नाही, तुला टाकीन."

अडकलेल्या गाड्यांतल्या एकाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. पांढऱ्या केसांचा, चष्मा लावलेला सभ्य माणूस होता. हा आता माझ्या बाजूने बोलेल असं मला वाटलं. तो ड्रायव्हरला म्हणाला, "बरं केलंत. यांना असंच पाहिजे. आता जरा टँकर बाजूला घ्या."

मी चरात उतरलो. पुढचं चाक पार वाकडं झालं होतं.

त्या हाताची गोष्ट सांगायला हवी.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. लोक वर जातात, खाली येतात, आणि मध्येच अडकले की मला बोलावतात. बायको हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती. दिवसभर ओल्या चादरी उचलायच्या, पिळायच्या यंत्रात घालायच्या, काढायच्या. चादर ओली झाली की माणसाएवढी जड होते असं ती म्हणायची. लेकीचं लग्न झालं आणि घरात आम्ही दोघंच उरलो, तेव्हा एक दिवस ती कामावरून येताना सायकल घेऊनच आली. साधी नव्हे, शर्यतीची, खाली वाकलेल्या हँडलची. लाँड्रीतला एक जण गाव सोडून चालला होता, त्याची होती. मी विचारलं, ही कुणासाठी? म्हणाली, माझ्यासाठी. मी विचारलं, चालवता येते? म्हणाली, यायचं काय त्यात, चाकं तर गोलच आहेत.

पहिल्या आठवड्यात दोनदा पडली. तिसऱ्या महिन्यात तिने मलाही एक सायकल घ्यायला लावली. वर्षाच्या आत आम्ही दोघं गावातल्या सायकल क्लबात होतो आणि दर रविवारी सकाळी पुलावरून टेकडीच्या चढाला जात होतो. तिथे क्लबातली पोरं घड्याळ लावून चढायची. तीही घड्याळ लावून चढायची. नंबर यायचा नाही, पण दर वेळी स्वतःच्याच मागच्या वेळेशी भांडायची.

सपाटीला मी पुढे असायचो, ती मागे. सायकलचा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, पुढच्याच्या अगदी मागे चाकाला चाक लावून चाललं की मागच्याला वारा लागत नाही, निम्मी मेहनत वाचते. मी अंगाने रुंद आहे. तिचं म्हणणं, कपाटामागे बसल्यासारखं वाटतं. तेव्हापासून माझं नाव कपाट पडलं. घरात मी 'अहो' होतो, सायकलवर 'ए कपाट'. घराच्या दारात सायकल टेकवली की पुन्हा 'अहो, चहा टाकू का'. चढ सुरू झाला मात्र की ती बाजूने निघून जायची. जाताना म्हणायची, "चढावर कपाटं वाहायला हमाल लागतात," आणि वर जाऊन दगडावर बसून माझी वाट बघायची.

तर मागच्याला पुढचा रस्ता दिसत नाही. त्याच्या डोळ्यापुढे असते फक्त पुढच्याची पाठ. म्हणून पुढच्याने खड्डा दाखवायचा असतो, हात मागे नेऊन, ज्या बाजूला खड्डा असेल त्या बाजूला. आणि मागच्याने म्हणायचं, दिसला. हा आमच्या खेळातला नियम आहे. तो मोडला तर मागचा पडतो. मी हात केला रे केला की ती म्हणायची, "दिसला." कधीकधी मला वाटायचं, ही फार लवकर म्हणते. अजून खड्डा तिच्यापर्यंत आलेलासुद्धा नसायचा. एकदा घरी विचारलं, तुला इतक्यात कसा दिसतो? ती कणीक मळत होती. म्हणाली, "खड्डा कुठे दिसतो? तुमचा हात दिसतो ना."

लोक काय म्हणायचे ते सगळं सांगत बसलो तर पुरणार नाही. पन्नाशीच्या बाईने घट्ट कपडे घालून ओणवं होऊन सायकल हाणायची हे कुणाला सहन होत नव्हतं. एक रिक्षावाला रोज शेजारून जाताना म्हणायचा, आजी, नातवाची सायकल परत द्या, रडतोय तो. तिने एक दिवस सिग्नलला त्याला गाठून सांगितलं, "नातू रडत नाही, तुझं मीटर बघून हसतोय." तेव्हापासून तो नुसता हात करायचा. पण सगळेच असे चेष्टेवारी नेणारे नव्हते. मोटारसायकलवरून जाताना पोरं पाठीत थापड मारून पळायची. कुणी पाण्याची बाटली फेकायचं. गाड्यांचे दरवाजे मुद्दाम उघडले जायचे. एका बाईने, चांगल्या घरच्या, खिडकीची काच खाली करून तिला विचारलं होतं, तुला घरी कुणी नाही का?

आणि एकदा पुलावर एका गाडीने तिला कठड्याला दाबलं. ती कडेकडेने चालली होती, लोकांची वाट अडू नये म्हणून. गळपट्टीचं हाड मोडलं. घरी जो येईल तो म्हणायचा, सांगत होतो ना. माझी बहीण येऊन म्हणाली, आता तरी अक्कल आली असेल वहिनीला. वहिनीने हात गळ्यात बांधलेला असतानाच विचारलं, "वन्सं, तुम्ही न्हाणीघरात पाय घसरून पडलात तेव्हा आंघोळ सोडलीत का?"

हाड जुळल्यावर ती त्याच पुलावरून गेली. या वेळी मधोमध. मी मागून ओरडत होतो, कडेला हो, कडेला हो. तिने ऐकलं नाही. पलीकडे पोचल्यावर मला म्हणाली, "कडेने गेलं की लोकांना वाटतं जागा आहे, घुसा. मधोमध गेलं की शिव्या देतात, पण मागे राहतात. शिव्यांनी हाड मोडत नाही." आणि शेवटपर्यंत ती मधोमधच जात राहिली.

ती सायकलवर गेली नाही. हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगतो. ती हॉस्पिटलात गेली, जिथल्या चादरी तिने जन्मभर धुतल्या तिथेच, रक्ताच्या आजाराने. आजार कळला तेव्हा फार पुढे गेला होता. डॉक्टरांनी मला सांगितलं की हिचं हृदय इतकं चांगलं नसतं तर ही एवढेही दिवस काढू शकली नसती. हे मी सगळ्यांना सांगितलं. ऐकून घेतात आणि म्हणतात, हो, पण अंग फार मोडून घेतलं हो सायकलपायी. तेराव्या दिवसाच्या आतच बहिणीने ते म्हटलं. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरीने म्हटलं. आमच्याच क्लबातल्या एकाच्या आईने म्हटलं. सायकलनेच खाल्ली तिला, असं. त्यांना तसं वाटायला हवं आहे. सायकलने खाल्ली म्हटलं की आपण सायकल चालवत नाही म्हणजे आपल्याला काही होणार नाही.

ती गेल्यावर मी थोडे दिवस घरी बसलो आणि मग रविवारी पुन्हा जायला लागलो. दुसरं काय करणार? सपाटीला मी पुढे असतो. मागे कोणी नसतं, पण खड्डा आला की हात जातो. हाताला कोण सांगणार?

तर ती सायकल खांद्यावर घेऊन मी घरी चालत आलो. वाटेत सायकलवाल्याच्या दुकानात थांबलो. त्याने चाक आडवं धरून एका डोळ्याने पाहिलं आणि म्हणाला, हे गेलं. तुझं दुसरं मागवतो, पण तुझ्या मापाचं यायला वेळ लागेल. मग विचारलं, कोण होता? मी सांगितलं. तो म्हणाला, त्याला मी ओळखतो, तळ्यावरच्या पंपावर भरतो आणि नव्या वस्तीला नेतो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच रस्त्याला असतो. थोडं थांबून म्हणाला, त्या वस्तीला नळ नाही अजून, उशीर झाला की बायका त्याला फाडून खातात. मी म्हणालो, म्हणून त्याने मला फाडायचं का? सायकलवाला म्हणाला, तसं नाही म्हणत मी. नुसतं सांगितलं.

संध्याकाळी लेक आणि जावई आले. सेक्रेटरीने फोन केला होता. जावई म्हणाले, बाबा, तक्रार करू, मी येतो तुमच्याबरोबर. चांगला माणूस आहे. चौकीवर आम्ही दोघं गेलोही. तिथल्याने सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, तुम्ही पुलावर मधोमध का चालवत होता? मी कारण सांगितलं. तो म्हणाला, काका, हे तुम्ही लिहून दिलंत तर तुमच्यावरच उलटेल. म्हणून आम्ही परत आलो.

लेक तोवर घरात एकटी होती. तिने दोन्ही सायकली बाहेरच्या खोलीत आणून भिंतीला लावल्या होत्या. माझी, मोडकी. आणि आईची, जशीच्या तशी. आईच्या सायकलवरची धूळ पुसलेली होती.

"या दोन्ही द्या कुणाला तरी," ती म्हणाली. "खालच्या वॉचमनचा भाऊ न्यायला तयार आहे. मी बोलले त्याच्याशी."

मी म्हणालो, चहा करतेस का?

"बाबा, चहाचं नंतर. आई आजारी आहे हा फोन मी घेतला. आई गेली तो फोन मी घेतला. आज पुन्हा फोन वाजला आणि सेक्रेटरीकाकांचं नाव दिसलं तेव्हा मी उचललाच नाही, यांच्या हातात दिला. मला अजून एक फोन नकोय. एवढंच म्हणणं आहे माझं."

ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. लहान असताना ती माझ्या कामाच्या पिशवीतले नटबोल्ट घेऊन खेळायची आणि एक हरवला तर दिवसभर शोधायची. आताही तशीच माझ्याकडे बघत होती, काहीतरी हरवण्याच्या आधीच शोधत असल्यासारखी.

मी म्हणालो, "मी तुझ्या जन्माच्या आधीपासून लिफ्टच्या भोकात उतरतोय. वर पेटी लटकलेली, खाली काळोख. माझ्याबरोबरचे दोघं गेले त्यात. तू कधी म्हणालीस का, बाबा, उतरू नका?"

"ते काम होतं."

"हो. पगार येत होता म्हणून चाललं. जीव पोटासाठी धोक्यात घातला तर कुणी काही बोलत नाही. आवडीसाठी रस्त्यावर नेला की सगळे विचारतात, घरी कुणी नाही का?"

जावयांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. लेक म्हणाली, "मग तुम्ही त्याच रस्त्याला का जाता? दुसरा रस्ता नाही का गावात?"

"दुसऱ्या रस्त्याला चढ नाही."

ती उठली, पर्स घेतली आणि निघून गेली. जावई दारात थांबून म्हणाले, बाबा, ती बोलते पण तसं नाही. मी म्हणालो, तसंच आहे, आणि तिचंही बरोबर आहे. पण वॉचमनच्या भावाला सांगा, नको.

क्लबातही हा विषय निघालाच. आमची बैठक म्हणजे सायकलवाल्याच्या दुकानासमोर उभं राहून बोलणं. क्लबाचा म्होरक्या एक शिक्षक आहे, पायांचा बारीक आणि मनाचा भला. तो म्हणाला की बऱ्याच जणांच्या घरून ओरड आहे, टँकर वाढलेत, तेव्हा काही दिवस आपण स्टेडियमच्या आतल्या रस्त्यावर फिरू. गेट बंद असतं, गाड्या येत नाहीत, हवे तेवढे फेरे मारा. पोरांनी माना डोलावल्या. एक-दोघांना ते पटलं नव्हतं, पण माझ्याकडे बघून गप्प बसले. माझ्यामुळेच हे सगळं निघालं होतं ना.

शिक्षक मला म्हणाला, काका, तुम्हाला काय वाटतं?

मी म्हणालो, माझं आयुष्य लिफ्टमध्ये गेलं, एकाच जागी वर-खाली. आता म्हातारपणी एकाच जागी गोल गोल नको.

सगळे हसले. शिक्षकही हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, एकट्याने जाऊ नका हो काका. मी म्हणालो, तुम्ही या की मग. त्यावर सगळे आपापल्या चाकांची हवा बघायला लागले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांची पोरं लहान आहेत.

आता चाकाचं बघायचं होतं. सायकलवाल्याने मागवलेलं चाक आलं नव्हतं. शनिवारी दुपारी मी कामावरून लवकर आलो, बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र पसरलं आणि तिची सायकल उलटी केली. पुढचं चाक दोघांचं एकाच मापाचं आहे, ते मला माहीत होतं. पंक्चर झालं की आम्ही अदलाबदल करत असू. चाकाच्या मधल्या तुंब्याभोवती तिने चादरीच्या काठाची निळी पट्टी सैल बांधलेली होती. हॉस्पिटलची फाटकी चादर बाद झाली की तिचा काठ ती घरी आणायची. चाक फिरलं की ती पट्टी तुंब्यावर घासत राहते आणि तो आपोआप लखलखीत राहतो. बाकी सायकलला कितीही चिखल लागो, तिचा तुंबा चमकायचा. माझ्या सायकलला मी कधी बांधली नाही. ती म्हणायची, कपाटाला काय करायचाय आरसा.

चाक काढलं, माझ्या सायकलला बसवलं. फिरवून पाहिलं. पट्टी हळू आवाज करत फिरली. तिची सायकल पुढच्या चाकाशिवाय भिंतीला लावताना बरं वाटलं नाही. पण ती असती तर म्हणाली असती, बसून काय करतंय ते चाक, न्या.

रात्री जेवताना फोन आला. लेक होती. हवापाण्याचं काही न विचारता म्हणाली, "उद्या जाणार?"

"हो."

"त्याच रस्त्याने?"

"त्याच."

मागे भांड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाली, "उजेड पडल्यावर निघा. आणि आईचं पिवळं जाकीट घाला, लांबून दिसतं ते."

"मला नाही होणार ते. कपाट आहे मी."

"मग चेन न लावता घाला," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी उजेड पडल्यावर निघालो. पिवळं जाकीट उघडंच घातलं. बाह्या कोपरापर्यंत आल्या. खाली सेक्रेटरी दूध घेऊन येत होता. माझ्याकडे, जाकिटाकडे बघून म्हणाला, अहो, पुन्हा? मी म्हणालो, पुन्हा. रस्ता रिकामा होता. गोदामांची ओळ संपली, पेट्रोल पंप गेला. एका गाडीने अगदी हाताला घासून ओव्हरटेक केलं, रोजच्यासारखं. मी मनातल्या मनात त्याला जे म्हणायचं ते म्हटलं.

पुलाच्या अलीकडे वळणावर मला तो आवाज ऐकू आला. भरलेल्या टँकरचा आवाज वेगळा असतो, इंजिनाच्या आवाजात पाण्याचा आवाज मिसळलेला असतो. मागे वळून पाहायची गरज नव्हती, तरी पाहिलं. तोच होता. खिडकीत त्याचा कोपर होता. त्यालाही मी दिसलोच असणार, इतकं पिवळं दुसरं काही त्या रस्त्याला नव्हतं.

कडेला थांबून त्याला जाऊ देता आलं असतं. पुलाच्या तोंडाशी जागा आहे तेवढी. मला भीती वाटत होती, नाही वाटत म्हटलं तर ते खोटं होईल. हँडलवर हात घामाने सरकत होते. पण मी थांबलो असतो तर पुढच्या रविवारीही थांबलो असतो, आणि त्याच्या पुढच्या रविवारी घरीच. मला त्या पुलावरून जायचं होतं आणि पलीकडचा चढ चढायचा होता. मी पुलावर घुसलो, मधोमध.

हॉर्न सुरू झाला. एकसारखा, हात न उचलता. कठड्यांमध्ये तो आवाज असा भरला की मला माझी चेनसुद्धा ऐकू येईना. तो किती जवळ आला होता ते त्याच्या उष्णतेवरून कळत होतं. मी पायडल मारत राहिलो. वेग वाढवला नाही आणि कमीही केला नाही. समोर पुढचं चाक फिरत होतं, त्यातली निळी पट्टी दिसत होती. वाटलं, चढावर तीच पुढे असायची.

पुलाच्या मध्यावर जिथे जोड उखडला आहे तिथे तो खड्डा आहे, डाव्या बाजूला. तो जवळ आला आणि माझा हात हँडलवरून सुटू लागला. या वेळी मला ते कळलं. मागे कोण आहे तेही मला माहीत होतं. हात मध्येच आवरता आला असता. एका हाताने सायकल सांभाळायची, मागे टँकर, आणि मागच्या वेळी याच हाताने एवढं झालेलं.

मी हात मागे नेला. पूर्ण नेला, सरळ, खालच्या बाजूला, त्याला नीट दिसेल असा. आणि खड्डा संपेपर्यंत तसाच ठेवला.

हॉर्न थांबला.

मी कान देऊन होतो. भरलेला टँकर त्या खड्ड्यात गेला की काय आवाज होतो ते मला माहीत आहे, पाणी आतून पत्र्यावर आपटतं आणि सगळा पूल हादरतो. तो आवाज आला नाही. इंजिन जरा दमल्यासारखं झालं, मग पुन्हा घरघरलं, आणि हॉर्न परत सुरू झाला, आधीइतकाच जोरात.

पूल संपल्यावर मी डाव्या बाजूला झालो. तिथे जागा आहे. टँकर माझ्या बरोबरीला आला आणि त्याने वेग कमी केला. माझे पाय थांबायला बघत होते, मी त्यांना थांबू दिलं नाही. त्याने खिडकीतून मान बाहेर काढली. शर्ट आज कोरडा होता.

"मरशील एक दिवस, म्हाताऱ्या!"

"तूही," मी म्हणालो.

तो काहीतरी म्हणाला, पण गाडी पुढे गेली होती. कदाचित शिवी असेल. हसलाही असेल, मला सांगता येणार नाही. टँकर वस्तीच्या रस्त्याला वळला.

चढ सुरू होतो तिथे मी एक पाय टेकवला, पाणी प्यायलो आणि मागे पाहिलं. ती जागा जराशी उंचावर आहे, तिथून पूल सगळा दिसतो. त्या टँकरचा मागचा नळ गळका आहे, जिथे जाईल तिथे पाण्याची धार सांडत जातो. पुलावर ती धार दिसत होती, मधोमध सरळ आलेली. खड्ड्यापाशी उजवीकडे वळली होती, त्याला वळसा घालून पुन्हा सरळ झाली होती.

मी थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिलो. मग बाटली जागेवर ठेवली. वर तो दगड होता, आणि ऊन तापायच्या आत मला तिथे पोचायचं होतं.